हात आधी, कळ मागाहून

भिलाईच्या पोलाद कारखान्यात झोतभट्टीचे तोंड फोडले जाते, तेव्हा सुमारे १,५०० अंश सेल्सियसपर्यंत तापलेला लोखंडाचा रस चरातून वाहू लागतो. त्याचे तेज असे असते की, निळ्या काचेवाचून त्याकडे पाहवत नाही. भोवती ठिणग्यांचा पाऊस पडत असतो. चरापाशी उभ्या असलेल्या कामगाराच्या अंगात चकाकता उष्णतारोधक डगला असतो, हातांत जाड मोजे असतात. तरीही एखादा तप्त कण मोजा आणि बाही यांच्यामधल्या फटीत शिरतो आणि हात झटक्यासरशी मागे येतो. हात मागे का घेतला, असे त्या कामगाराला विचारले, तर तो सांगेल, "भाजले म्हणून." उत्तर सरळ आणि प्रामाणिक आहे, परंतु शरीरशास्त्राच्या दृष्टीने त्यातला क्रम उलटा झाला आहे. हात हलला त्या क्षणी भाजल्याची जाणीव त्याला अजून व्हावयाची होती. हात आधी निघाला, कळ मागाहून आली.

हा कारखाना भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी झालेल्या करारानुसार उभा राहिला. दुर्ग जिल्हा त्या वेळी मध्यप्रदेशात होता. आज तो छत्तीसगडमध्ये आहे. पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले. १९५६ पर्यंत दुर्ग आणि नागपूर एकाच राज्यात होते. तेव्हा विदर्भातली मराठी कुटुंबेही या नव्या नगरीत येऊन स्थिरावली, यात नवल नाही. भाताच्या बांधावर आणि कापसाच्या रानात वाढलेली माणसे पाहता पाहता भट्ट्या, क्रेन आणि रेल्वेचे रूळ लाटणारी यंत्रे यांच्यापाशी उभी राहिली. कारखाना नवा होता, आग नवी होती; शरीर मात्र जुनेच होते, चुलीच्या धगीत आणि रानातल्या काट्याकुट्यांत हजारो पिढ्या घडत आलेले. अशा या जुन्या शरीराला नव्या संकटातून स्वतःला वाचविण्याचे सामर्थ्य कितपत आहे? मज्जातंतू आणि स्नायू यांचा आपसातला व्यवहार समजून घेतल्यावाचून या प्रश्नाचे उत्तर देता यावयाचे नाही.

प्रारंभ त्या भाजलेल्या मनगटापासूनच करावा. त्वचेत मज्जातंतूंची असंख्य बारीक टोके विखुरलेली असतात. त्वचेचे तापमान ४५ अंशांच्या आसपास गेले की, त्यांपैकी काही टोके उद्दीपित होतात. तेथून निघालेला संदेश ज्ञानतंतूंच्या वाटेने दंडातून, काखेतून मानेच्या तळाशी पृष्ठरज्जूत पोहोचतो. पृष्ठरज्जू म्हणजे पाठीच्या कण्याच्या पोकळीत जपून ठेवलेली, करंगळीएवढ्या जाडीची आणि सुमारे ४५ सेंटिमीटर लांबीची मज्जेची दोरी. येथे संदेशाला दोन वाटा फुटतात. एक वर मेंदूकडे जाते. दुसरी तेथल्या तेथेच मधल्या काही पेशींच्या द्वारे क्रियातंतूंना जाऊन मिळते, आणि हे क्रियातंतू हात आखडून घेणाऱ्या स्नायूंना आज्ञा पोहोचवितात. मेंदूच्या मंजुरीची वाट न पाहता पार पडणाऱ्या या व्यवहाराला प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतात. नदीला एकाएकी पूर आला, तर तहसीलदार नावा सोडण्यासाठी राजधानीच्या हुकमाची वाट पाहत बसत नाही. नावा आधी सोडतो आणि अहवाल मागाहून पाठवितो. पृष्ठरज्जूचे वर्तन नेमके असेच आहे. कामगाराला जाणवलेली कळ हा मागाहून पोहोचलेला अहवाल होय.

सर्व अहवाल सारख्याच वेगाने जात नाहीत. स्नायूंतील ताणाची बातमी आणणारे जाड, वेष्टनयुक्त तंतू सेकंदाला ७० ते १२० मीटर वेगाने संदेश नेतात. तीक्ष्ण वेदना नेणाऱ्या बारीक तंतूंचा वेग सेकंदाला ५ ते ३० मीटर असतो. भाजल्यावर मागाहून जी आग होत राहते, तिची बातमी आणणारे तंतू सर्वांत बारीक आणि वेष्टनहीन असतात. त्यांचा वेग सेकंदाला अवघा अर्धा ते दोन मीटर, म्हणजे रमतगमत चालणाऱ्या माणसाइतका. यामुळे हात मागे येण्यास सेकंदाच्या एकदशांशाच्या आसपास वेळ पुरतो. तीक्ष्ण कळ त्याच्या पाठोपाठ जाणवते आणि आग होऊ लागावयास एखादा सेकंद जातो. तव्याचा चटका बसलेल्या प्रत्येक गृहिणीने हा क्रम अनुभवलेला असतो. तो निरखून पाहण्याची सवड मात्र त्या वेळी कोणालाच नसते.

मज्जातंतूंतून जाणारा हा संदेश आहे तरी काय? १७९१ मध्ये इटलीतील बोलोन्या येथील गॅल्व्हानी याने बेडकाच्या पायावरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले आणि स्नायूंच्या हालचालीचा विजेशी संबंध आहे, हे जगापुढे आणले. पुढे जवळजवळ साठ वर्षे विद्वानांची अशी समजूत होती की, हा संदेश इतका शीघ्र असावा की त्याचा वेग मोजणे मानवी साधनांच्या पलीकडचे आहे. १८५० मध्ये हेल्महोल्ट्स याने बेडकाच्याच मज्जातंतूवर प्रयोग करून तो वेग मोजून दाखविला. तो तारेतून जाणाऱ्या विजेपेक्षा फारच कमी, आगगाडीच्या वेगाशी तुलना करता येईल इतका निघाला. याचे कारण विसाव्या शतकात उलगडले. मज्जातंतू ही तांब्याची तार नव्हे. त्याच्या पातळ आवरणाच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूंत सुमारे ७० मिलिव्होल्ट इतका विद्युत्‌भेद सदैव राखलेला असतो. संदेश येताच आवरणातील सूक्ष्म द्वारे उघडतात, सोडियमचे विद्युत्‌भारित कण आत घुसतात, मागोमाग पोटॅशियमचे कण बाहेर पडतात. एका जागेची ही खळबळ शेजारची द्वारे उघडते आणि लाट पुढे सरकते. हॉजकिन आणि हक्स्ली या दोघा इंग्रज शास्त्रज्ञांनी १९५२ मध्ये या लाटेचे गणित मांडले, आणि त्याबद्दल १९६३ च्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला.

ही लाट स्नायूच्या दाराशी येऊन थांबते. मज्जातंतू आणि स्नायू यांच्यामध्ये एक अतिसूक्ष्म फट असते. ती ओलांडण्यासाठी मज्जातंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलीन नावाचे द्रव्य पाझरते आणि स्नायूला जागे करते. मग स्नायूच्या आत कॅल्शियम मोकळे होते, आणि एकमेकांत गुंतलेल्या जाड व बारीक धाग्यांच्या रांगा एकमेकींवरून सरकू लागतात. धागे आखूड होत नाहीत; फडताळातला खण आत ढकलावा तसे ते एकमेकांत शिरतात आणि त्यामुळे स्नायू आखूड होतो. बोटाने सुईत दोरा ओवणे असो वा खांद्याने पहार रेटणे असो, मूळ क्रिया हीच. फरक पडतो तो एका तंतूच्या हाताखाली किती स्नायुतंतू आहेत यामुळे. डोळा फिरविणाऱ्या स्नायूंत एक क्रियातंतू जेमतेम दहा-वीस स्नायुतंतू सांभाळतो. पोटरीत तीच संख्या हजाराच्या पुढे जाते. नाजूक कामाला अधिकारी पुष्कळ आणि हाताखालची माणसे थोडी. दांडगाईच्या कामाला याच्या उलट.

एक गोष्ट येथे ध्यानात घ्यावयास हवी. स्नायूला ओढता येते, ढकलता येत नाही. म्हणून शरीरात स्नायू बहुधा जोडीने, परस्परांविरुद्ध बसविलेले असतात. दंडाच्या पुढचा स्नायू कोपर वाकवितो, मागचा ते सरळ करतो. दोघेही एकाच वेळी जोराने ओढू लागले, तर हात जागच्या जागी ताठरून बसेल. तेव्हा एकाला 'ओढ' अशी आज्ञा देतानाच दुसऱ्याला 'सैल हो' अशी आज्ञा जाणे अवश्य आहे. ही दुहेरी व्यवस्था पृष्ठरज्जूतच केलेली असते, हे इंग्लंडमधील शेरिंग्टन याने अनेक वर्षांच्या संशोधनाने सिद्ध केले. १९०६ साली त्याचा मज्जासंस्थेवरील प्रसिद्ध ग्रंथ निघाला आणि १९३२ मध्ये त्याला एड्रियन याच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. हालचाल म्हणजे केवळ चालना, अशी सर्वसाधारण समजूत असते. शेरिंग्टनने दाखविले की, हालचालीत जितका भाग चालनेचा तितकाच आवरून धरण्याचा आहे.

हे आवरून धरणे नाहीसे झाले तर काय होते, ते मराठी माणसाला एका जुन्या शब्दानेच सांगितले आहे. तो शब्द धनुर्वात. जखमेत शिरलेल्या धनुर्वाताच्या जंतूंचे विष मज्जातंतूंच्या वाटेने पृष्ठरज्जूत पोहोचते आणि 'सैल हो' ही आज्ञा देणाऱ्या पेशींचे तोंड बंद करते. मग सर्वच स्नायू एकाच वेळी ओढू लागतात. जबडा मिटतो, पाठीचे बलिष्ठ स्नायू जिंकतात आणि देह धनुष्यासारखा वाकतो. मध्य भारताच्या रानांत आढळणाऱ्या कुचल्याच्या बीतील विषही याच आज्ञेच्या आड येते. लोखंडाशी नित्य संबंध असलेल्या कामगाराला साध्या जखमेनंतरही धनुर्वाताची लस टोचतात, ती यासाठी. गंजाने धनुर्वात होत नाही. तो मातीतल्या, धुळीतल्या जंतूंनी होतो, आणि खोल जखम त्यांना आयते घर मिळवून देते.

पृष्ठरज्जूची हुशारी याहूनही पुढची आहे. अनवाणी पाय काट्यावर पडला की, तो पाय वर उचलला जातो. परंतु त्याच क्षणी दुसरा पाय ताठ झाला नाही, तर माणूस कोसळेल. म्हणून वेदनेचा संदेश पृष्ठरज्जूच्या दुसऱ्या बाजूलाही जातो आणि दुसऱ्या पायाचे स्नायू घट्ट करतो. साधे उभे राहणे हेसुद्धा प्रतिक्षेपांचेच काम आहे. स्नायूंच्या आत चरख्याच्या चातीच्या आकाराचे बारीक अवयव असतात. स्नायू ताणला गेला की ते तात्काळ बातमी देतात आणि स्नायू स्वतःला आखडून घेतो. ज्यांना याचा पडताळा पाहावयाचा असेल, त्यांनी पायावर पाय टाकून सैल बसावे आणि गुडघ्याच्या वाटीखाली हाताच्या कडेने हलकेच टोला मारावा. पाय आपोआप उडेल. १८७५ मध्ये अर्ब आणि वेस्टफाल या दोन जर्मन वैद्यांनी या परीक्षेकडे लक्ष वेधले, आणि तेव्हापासून वैद्याच्या हातातली रबरी हातोडी पृष्ठरज्जूच्या प्रकृतीची विचारपूस करीत आली आहे.

या जन्मजात व्यवस्थेवर माणूस अभ्यासाने दुसरी इमारत उभारतो. छत्तीसगडमधील सतनामी समाजाच्या पंथी नृत्यात मांदराची लय वाढत जाते आणि नर्तक एकमेकांच्या खांद्यांवर चढून मनोरे रचतात. महाराष्ट्रातील मल्लखांबपटू गुळगुळीत खांबावर डोके खाली करून स्थिर राहतो. भिलाईतील क्रेनचालक उंचावरच्या खोलीत बसून कढत रसाने भरलेला टोप हेलकावा न देता उचलतो. या तिघांनाही प्रारंभी प्रत्येक हालचाल विचारपूर्वक करावी लागलेली असते. नित्याच्या सरावाने ती हळूहळू मोठ्या मेंदूच्या देखरेखीखालून निघून बऱ्याच अंशी लहान मेंदूकडे सोपविली जाते. कवटीच्या मागच्या बाजूला असलेला हा लहान मेंदू, योजलेली हालचाल आणि घडलेली हालचाल यांची सतत तुलना करून चूक दुरुस्त करीत राहतो. मद्याचा अंमल ज्या भागांवर लवकर चढतो, त्यांत लहान मेंदू एक आहे. मद्यप्याची पावले वेडीवाकडी पडतात, ती यामुळे.

भिलाईच्या उभारणीसाठी जे रशियन तंत्रज्ञ आले, त्यांच्या देशाने प्रतिक्षेपांच्या शास्त्रात मोठी भर घातली आहे, हा एक मनोज्ञ योगायोग होय. सेचेनोव्ह हा रशियन शास्त्रज्ञ १८६२ मध्ये पॅरिस येथे बेडकांवर प्रयोग करीत होता. बेडकाचा पाय सौम्य आम्लात बुडविला की, तो पाय वर ओढतो. त्याच्या मेंदूच्या एका भागावर मिठाचा खडा ठेवताच पाय ओढण्यास विलंब लागू लागला. यावरून सेचेनोव्हने अनुमान काढले की, मेंदू हा खालच्या प्रतिक्षेपांना केवळ चालना देतो असे नाही, तो त्यांना लगामही घालतो. पुढच्याच वर्षी, १८६३ मध्ये, मेंदूच्या प्रतिक्षेपांवरील त्याचा प्रबंध प्रसिद्ध झाला. त्याच परंपरेत पाव्हलोव्ह झाला. पचनसंस्थेवरील कार्याबद्दल त्याला १९०४ चे नोबेल पारितोषिक मिळाले; परंतु त्याचे नाव सर्वतोमुखी झाले ते कुत्र्यांवरील प्रयोगांमुळे. अन्न देण्यापूर्वी दर वेळी ठराविक आवाज केला, तर काही दिवसांनी नुसत्या आवाजानेही कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते. अशा शिकलेल्या प्रतिक्षेपाला अभिसंधित प्रतिक्षेप असे नाव आहे. चिंचेचे नाव काढताच ज्याच्या तोंडाला पाणी सुटते, त्याला हे समजण्यास कुत्र्याची गरज नाही. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, ही म्हण तर पाव्हलोव्हच्या कितीतरी आधीपासून हेच शास्त्र सांगत आली आहे.

ही सारी व्यवस्था एका पायावर उभी आहे. बातमी आली पाहिजे. बातमीच आली नाही, तर उत्तम पृष्ठरज्जू आणि बळकट स्नायू असूनही हात जागचा हलत नाही. याचे सर्वांत करुण उदाहरण कुष्ठरोगाचे आहे. या रोगाचे जंतू त्वचेजवळून जाणाऱ्या मज्जातंतूंना ग्रासतात आणि हातापायांची संवेदना हरपते. पूर्वी अशी समजूत होती की, रोग्याची बोटे रोगानेच झडतात. वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयात काम करणारे डॉ. पॉल ब्रँड यांनी बारकाईने निरीक्षण करून दाखविले की, बोटांचा नाश मुख्यतः न कळलेल्या जखमांनी होतो. तापलेल्या भांड्याला लागलेला हात मागे येत नाही, पायात रुतलेला खिळा दिवसभर तसाच राहतो. डॉ. ब्रँड यांनी निकामी स्नायूच्या जागी धड स्नायूची कंडरा वळवून वाकडी बोटे पुन्हा चालती केली. एका कामाला सरावलेल्या स्नायूला दुसरे काम मेंदूने शिकविले, हेही एक आश्चर्यच. अमरावतीच्या तपोवनात आणि वरोड्याच्या आनंदवनात अशाच बधिर हातांनी शेती आणि हस्तोद्योग उभे केले. छत्तीसगडमध्ये हा रोग आजही तुलनेने अधिक आढळतो. तो औषधांनी पूर्णपणे बरा होतो. परंतु औषध वेळेवर मिळाले तरच मज्जातंतू वाचतात. वेदनेला सर्वजण शत्रू मानतात. ती पहारेकरी आहे, हे जिचा पहारा उठला आहे त्या हाताकडे पाहिल्यावर कळते.

निरोगी माणसाच्या बाबतीतही काही संकटे अशी आहेत की, त्यांच्यासाठी निसर्गाने पहारेकरी नेमलेलाच नाही. झोतभट्टीतून बाहेर पडणाऱ्या वायूचा पाचवा ते चौथा हिस्सा कार्बन मोनॉक्साइड असतो. हा वायू इंधन म्हणून मोलाचा आहे. म्हणून तो शुद्ध करून मोठमोठ्या नळांतून कारखानाभर खेळविला जातो. त्याला रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांना झोंबत नाही, घशाला खवखवत नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट आसक्तीने जोडला जातो आणि प्राणवायूला जागा उरत नाही. तरीही माणसाला गुदमरल्यासारखे होत नाही. श्वास कोंडल्याची तगमग होते ती मुख्यतः कार्बन डायॉक्साइड साचल्यामुळे. येथे तो साचत नाही. मानेतील धमन्यांपाशी प्राणवायूची चौकशी करणारे जे सूक्ष्म अवयव आहेत, ते रक्तद्रवात विरघळलेल्या प्राणवायूचा दाब पाहतात. तो दाब नेहमीइतकाच असतो. अशा रीतीने सर्व चौक्यांवरून 'ठीक आहे' असाच अहवाल जातो. डोके जड होते, विचार मंदावतो, आणि काहीतरी बिघडले आहे असे वाटून माणूस उठू पाहतो, तो गुडघे साथ देत नाहीत. कढत लोखंडाच्या एका कणाला सेकंदाच्या दहाव्या भागात उत्तर देणारे शरीर या शत्रूपुढे स्वस्थ उभे राहते.

१२ जून २०१४ रोजी भिलाई पोलाद कारखान्यात हेच घडले. पाण्याच्या पुरवठ्यात बिघाड झाला, दाब उतरला आणि पाण्याने रोखून धरलेला वायू उलट वाटेने पंपघराच्या परिसरात पसरला. सहा जण मृत्युमुखी पडले, आणि त्यांत वरिष्ठ अधिकारीही होते. आणखी अनेकांना रुग्णालयात न्यावे लागले. मृतांमध्ये अननुभवी म्हणावे असेच सर्व नव्हते. परंतु ज्या वायूची बातमी शरीर देतच नाही, त्याच्यापुढे नुसता अनुभव काय करणार?

येथे जॉन स्कॉट हॉल्डेन या ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञाचे स्मरण होते. पुढे भारतात येऊन स्थायिक झालेले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला निवर्तलेले शास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन यांचे हे वडील. कोळशाच्या खाणींतील स्फोटानंतर कामगार कशाने मरतात, याचा त्यांनी शोध घेतला आणि ते मुख्यतः कार्बन मोनॉक्साइडने मरतात, असे त्यांना आढळले. १८९५ मध्ये त्यांनी स्वतः तो वायू हुंगून आपल्या शरीरावरचे परिणाम नोंदविले. चिमुकल्या प्राण्यांचा श्वासोच्छ्‌वास जलद असतो. त्यामुळे विषाचा परिणाम त्यांच्यावर माणसाच्या आधी होतो, हे जाणून त्यांनी खाणीत असे प्राणी सोबत नेण्याची सूचना केली. तेव्हापासून कॅनरी पक्ष्याचा पिंजरा खाणीत जाऊ लागला आणि ब्रिटनमध्ये तो १९८६ पर्यंत जात राहिला. पक्षी दांडीवरून पडला की, माणसांनी बाहेर निघावयाचे. माणसाने उसना घेतलेला तो एक ज्ञानतंतूच होता. आज त्याचे काम कामगाराच्या खिशाला अडकविलेले छोटेसे यंत्र करते. वायूचे प्रमाण वाढताच ते किंचाळू लागते.

तथापि यंत्राचा आवाज म्हणजे अर्धीच कमान झाली. ज्ञानतंतूचे काम झाले, क्रियातंतूचे राहिले. आवाज ऐकताच पाय कोणत्या दिशेने वळावेत, वारा कोणत्या बाजूने वाहत आहे हे डोळ्यांनी कसे पाहावे, हे पुन्हापुन्हा गिरविल्याशिवाय अंगी मुरत नाही. पाव्हलोव्हच्या प्रयोगांचा दुसरा अर्धा भाग बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. आवाजामागून अन्न येईनासे झाले की, शिकलेला प्रतिक्षेप हळूहळू विझतो. धोक्याची घंटा वरचेवर विनाकारण वाजत राहिली, किंवा घंटेनंतर कोणीच हलले नाही, तर कामगारांच्या ठायीही हेच घडते. घंटा कानांवर येते आणि पाय हलत नाहीत.

काही प्रसंगी तर स्वतःचे स्नायूच घात करतात. घरगुती विजेच्या प्रवाहाची तार मुठीत आली, तर हाताचे स्नायू आखडतात. मूठ मिटविणारे स्नायू उघडणाऱ्यांपेक्षा बलवान असल्यामुळे मूठ घट्ट मिटते आणि सोडू म्हटले तरी सुटत नाही. तार 'पकडून ठेवते' असे लोक म्हणतात. वस्तुतः माणसाचे स्वतःचे स्नायूच तिला पकडून ठेवतात. म्हणून वीजप्रवाह बंद करून, खटक्याला कुलूप घालून, तसा लेखी परवाना हाती आल्यावरच काम सुरू करावयाचे, हा नियम कारखान्यांनी केला आहे. वरवर पाहता ती कचेरीतली दिरंगाई वाटते. परंतु जेथे शरीर क्षणार्धात चुकीचे उत्तर देणार हे ठाऊक आहे, तेथे उत्तर आधीच, सावकाश आणि कागदावर देऊन ठेवण्याची ती रीत आहे.

सर्वांत अवघड परीक्षा मात्र सहकारी कोसळलेला दिसतो त्या क्षणी असते. वायूने भरलेल्या जागेत एक जण पडतो, त्याला उचलण्यास दुसरा धावतो, तोही पडतो, आणि त्या दोघांसाठी तिसरा धावतो. खाणींत, गटारांत, विहिरींत आणि कारखान्यांत ही मालिका जगभर पुनःपुन्हा घडत आलेली आहे. धावून जाणे हा माणुसकीचा उमाळा आहे. त्याला कोणी दोष देणार नाही. परंतु जो मुखवटा चढविण्यासाठी अर्धा मिनिट थांबतो, त्याच्याच हातून दुसऱ्याचे प्राण वाचण्याचा संभव असतो. असे थांबणे भेकडपणाचे लक्षण नव्हे. सेचेनोव्हच्या बेडकाने दाखविलेला जो लगाम, त्याचाच हा सर्वांत उच्च आविष्कार आहे. तो जन्मतः मिळत नाही. शेकडो वेळा मुखवटा चढवून आणि उतरवून तो हातांना शिकवावा लागतो, म्हणजे प्रसंगी मन भांबावले तरी हात भांबावत नाहीत.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. शिकलेला प्रतिक्षेप कितीही पक्का असला, तरी तो थकतो. जागरणाने प्रतिसाद मंदावतो. दिव्याची खूण दिसल्यावर बोटाने कळ दाबण्यास ताज्यातवान्या माणसालाही सुमारे सेकंदाचा पाचवा भाग लागतो. रस्त्यावर अनपेक्षित अडथळा दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत पाऊण सेकंद आणि त्याहूनही अधिक काळ जातो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन तेवढ्या वेळात साडेबारा मीटर पुढे गेलेले असते. रात्रपाळी संपवून भिलाईतून घराकडे निघालेल्या स्कूटरस्वाराच्या बाबतीत हे अंतर आणखी लांबते, आणि त्याला स्वतःला ते लांबल्याचे कळतही नाही.

तेव्हा प्रारंभीच्या प्रश्नाचे उत्तर असे आहे की, जुन्या शरीराने आपले काम चोख केले आहे. आग, काटा, तोल जाणे, यांच्याविरुद्ध त्याने पृष्ठरज्जूत अशी बंदोबस्ताची चौकी बसविली आहे की, माणसाला कळण्यापूर्वीच तो वाचलेला असतो. परंतु वास नसलेला वायू आणि तारेतली वीज या संकटांची ओळख त्या शरीराला नाही, आणि ती करून देण्यास निसर्गाला हजारो पिढ्या लागतील. तितकी सवड कारखान्याला नसते. ती उणीव माणसाने स्वतःच भरून काढावयाची आहे: जेथे ज्ञानतंतू नाही तेथे यंत्र बसवून, जेथे प्रतिक्षेप नाही तेथे सराव घडवून, आणि जेथे प्रतिक्षेप घातक तेथे नियमाचा लगाम घालून. यांपैकी एकही दुवा निखळला, तर कमान तुटलेलीच समजावी.

भट्टीचे तोंड मातीने पुन्हा बुजविले जाते, चरातला रस काळवंडतो, आणि तो कामगार हातमोजा काढून मनगटावरचा लाल ठिपका पाहतो. एव्हाना त्याला कळ चांगलीच जाणवत असते. तो ठिपका तेवढाच राहिला, याचे श्रेय ज्या पृष्ठरज्जूला आहे, तिचे नावही कदाचित त्याने ऐकलेले नसेल. डगल्याच्या खिशाला अडकविलेल्या यंत्राचा हिरवा दिवा लुकलुकत असतो. पुढच्या वेळी चरापाशी उभे राहण्यापूर्वी तो दिवा लागलेला आहे ना, हे मात्र त्याने स्वतःच पाहावयाचे असते. ते काम पृष्ठरज्जू करीत नाही.